चिवडा सादळतोय म्हणून मायक्रॉन वाढवू नका: पाकिटाचं लॅमिनेट आतून बाहेर कसं रचायचं

पाकिटाचं लॅमिनेट म्हणजे एकमेकांवर चिकटवलेले प्लास्टिक फिल्मचे थर, आणि मायक्रॉन म्हणजे त्यांच्या जाडीचं माप, मिलिमीटरचा हजारावा भाग. पावसाळा लागला की एक फोन हमखास येतो. "आतली पॉलिथिनची फिल्म, म्हणजे पॉली, पन्नास मायक्रॉनची होती ती पंच्याहत्तरची केली, किलोमागे खर्च वाढला, तरी चिवडा सादळतोच. आता शंभरची करू का?" नका करू. का नको, ते चौथ्या टप्प्यात आकड्यांनी दाखवतो.

चुकतो तो क्रम. आधी डिझाइन पक्कं होतं, मग छपाईचे सिलिंडर बनतात, मग कन्व्हर्टर (फिल्म छापून, जोडून रोल देणारा कारखानदार) त्याच्याकडे पडून असलेली फिल्म सुचवतो, आणि माल टिकतो का हे शेवटी गिऱ्हाइकाच्या घरी कळतं. लॅमिनेट रचताना याच्या बरोबर उलट जायचं: माल, मग आतला थर, मग मधला, छपाईचा थर सगळ्यात शेवटी. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, पातळ पोह्यांचा चिवडा, २०० ग्रॅमचं पाकीट, चार महिने टिकायला हवं. मसाला, भाजणी किंवा लाडू असतील तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

तयारी: हे जवळ असल्याशिवाय सुरुवात करू नका

- ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा
- मायक्रॉन मोजणारा मायक्रोमीटर
- १० × १० सेंटिमीटरचा पत्र्याचा साचा आणि धारदार ब्लेड. या मापाच्या तुकड्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले १०० म्हणजे जीएसएम, चौरस मीटरमागे ग्रॅम
- ३८ ते ४४ पर्यंतची डाईन पेनं (फिल्मचा पृष्ठभाग शाई आणि चिकट धरेल का ते दाखवणारी)
- तापमान खरोखर दाखवणारा हॉट-बार सीलर. पायाने दाबायच्या सीलरवर १ ते ८ आकडे असतात, ती तापमानं नव्हेत
- साधा मल्टिमीटर (कशाला, ते पुढे येईलच)
- घट्ट झाकणाच्या चार काचेच्या बरण्या आणि प्रयोगशाळेच्या दर्जाचे चार क्षार

प्रत्येक फिल्मचा डेटाशीट मागून घ्या. "स्टँडर्ड क्वालिटी आहे" हे उत्तर चालत नाही. बाष्प आणि ऑक्सिजन किती पार होतं, कोणत्या तापमानाला आणि आर्द्रतेला मोजलं, हे लेखी हवं.

टप्पा १: माल नेमका कशाने मरतो ते शोधा

चिवड्याचे शत्रू तीन. ओलाव्याने तो सादळतो, ऑक्सिजन आणि उजेडाने खवट होतो, आणि त्याचाच तेलकट भुगा सीलमध्ये अडकून पाकीट गळतं. यातला आधी कोण मारतो, हे अंदाजाने सांगू नका.

चार बरण्यांच्या तळाशी क्षाराचा ओलसर लगदा करा. क्षार पूर्ण विरघळता कामा नये, थोडा तळाशी दिसायला हवा. मॅग्नेशियम क्लोराइडच्या बरणीत सुमारे ३३ टक्के आर्द्रता स्थिर राहते, पोटॅशियम कार्बोनेटच्या ४३, सोडियम ब्रोमाइडच्या ५७-५८ आणि सोडियम क्लोराइडच्या ७५ टक्के. वर जाळी ठेवून तिच्यावर वाटीत १० ग्रॅम चिवडा ठेवा. रोज वजन करा. लागोपाठ दोन दिवस ते बदललं नाही की चार-पाच जणांना बरणीचा क्रमांक न सांगता खायला द्या. ७५ टक्क्यांच्या बरणीतला चिवडा मात्र चाखायला देऊ नका. त्याला बुरशी धरू शकते, त्याचं फक्त वजन घ्या.

इथे एक गोष्ट बारकाईने बघा. चिवड्यातले पोहे सादळतात तेव्हा दाणे आणि डाळं अजून कुरकुरीत असतात. सगळा चिवडा एकत्र करून ओलावा मोजलात तर ती सरासरी तुम्हाला फसवते. पोहे वेगळे वेचून त्यांचा ओलावा मोजा. गिऱ्हाईक पहिल्या घासालाच पोह्यांवरून निकाल देतं.

पुढच्या हिशेबासाठी धरू की पॅक करताना ओलावा २ टक्के आहे, साडेचारला लोक "सादळला" म्हणतात, आणि आपण ४ टक्क्यांची हद्द ठेवतोय. तुमचे आकडे तुमच्या बरण्यांतूनच यायला हवेत.

*तपासा:* तळणीचं तेल जुनं असेल किंवा चिवडा कोमट असताना पाकीटबंद होत असेल, तर आधी ते थांबवा. कोमट मालाची वाफ पाकिटातच पाणी होऊन बसते. तिच्यावर कोणत्याच लॅमिनेटचा इलाज नाही.

टप्पा २: किती बाष्प आत चालेल, त्याचा हिशेब

हा हिशेब कागदावर करा. वीस मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं हेच टाळलं जातं.

२०० ग्रॅममध्ये २ टक्के वाढ म्हणजे ४ ग्रॅम पाणी. दिवस १२०. रोज ०.०३३ ग्रॅम. पाकीट आतून १८ × २५ सेंटिमीटर, दोन्ही बाजू मिळून ०.०९ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला रोज ०.३७ ग्रॅमपर्यंत चालेल.

हा आकडा घेऊन थेट डेटाशीटशी तुलना केली तर चुकलंच. डेटाशीटचा आकडा ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेचा असतो, आणि फिल्मच्या दुसऱ्या बाजूला कोरडी हवा असते. तुमचं पाकीट असतं दुकानात, आणि आतली हवाही पूर्ण कोरडी नसते. चिवडा स्वतःभोवती साधारण ३० टक्के आर्द्रता राखतो असं धरू.

बाष्पाला ढकलतो तो दोन बाजूंच्या बाष्पदाबातला फरक. चाचणीच्या स्थितीत तो पाऱ्याच्या ४४.७ मिलिमीटर आहे. पुण्यातल्या दुकानात २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली, तर चिवड्याच्या पाकिटावर फरक येतो फक्त ९.४. रत्नागिरीत पावसाळ्यात २८ अंश आणि ९० टक्के धरले, तर १७. म्हणजे ०.३७ ला पुण्यासाठी ४.७५ ने गुणायचं आणि रत्नागिरीसाठी २.६३ ने. येतात १.७६ आणि ०.९७.

याचा अर्धाच आकडा कन्व्हर्टरला सांगा. घड्या, चुरगळणं, सील, सगळ्यांत थोडं थोडं जातं. राहिले पुण्यासाठी ०.८८ आणि रत्नागिरीसाठी ०.४९.

पुण्यात उत्तम टिकणारं पाकीट कोकणात का हरतं, त्याचं कारण या दोन आकड्यांत आहे. कोकणचा पावसाळाही चार महिन्यांचाच, म्हणजे पाकिटाचं अख्खं आयुष्य त्यात जाऊ शकतं. जिथे माल विकायचाय तिथलाच आकडा धरा, जिथे बनतो तिथला नाही.

टप्पा ३: आतला थर

आतल्या थराची कामं दोन: सील होणं आणि मालाला काही न लावणं. बाष्प अडवणं हे त्याचं मुख्य काम नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

निवड तुमच्या यंत्रावरून होते. बचत गटात हाताने भरून पायाच्या सीलरवर काम असेल, तर प्रत्येक बाईचा दाब आणि वेळ वेगळा असतो. तिथे लवकर वितळणारा आणि तापमान थोडं चुकलं तरी सांभाळून घेणारा थर हवा. मेटॅलोसीन (लवकर सील होणारं पॉलिथिन) मिसळलेली एलडी, म्हणजे कमी घनतेची पॉली, ४० ते ५० मायक्रॉन, हे इथलं हुकमी उत्तर. भुगा अडकला तरी ती त्याच्याभोवती वितळून सील धरते. उभ्या ऑटोमॅटिक मशिनवर काम असेल, तर सील गरम असतानाच त्याच्यावर माल पडतो. म्हणून गरम सीलची पकड, म्हणजे हॉट टॅक, आधी विचारा.

सीपीपी (न ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म) चकचकीत दिसते आणि कडक असते, पण तिला जास्त तापमान लागतं. वर बीओपीपी (दोन्ही दिशांना ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म) असेल तर दोघींच्या तापमानात फार अंतर उरत नाही. खालचा थर नीट सील होईपर्यंत वरचा आकसायला लागतो आणि सीलच्या कडेला सुरकुत्या पडतात. वर पॉलिस्टर असेल तर ती भीती नाही. पॉलिस्टर २५० अंशांच्या आसपास वितळतं आणि एलडी ११० ला, मध्ये भरपूर मोकळं मैदान.

*सावधान:* मधला उभा सील लॅप पद्धतीचा असेल, म्हणजे आतली बाजू बाहेरच्या बाजूवर बसत असेल, तर पॉलिस्टर-पॉली तिथे चिकटणारच नाही. पॉली पॉलीलाच चिकटते. असं लॅमिनेट वापरायचं असेल तर आत-आत मिळणारा फिन सील ठेवा. तयार रोल आल्यावर मशिन सेट करताना हा शोध लागलेले लोक मी पाहिलेत.

टप्पा ४: मधला थर, म्हणजे खरी भिंत

आता सुरुवातीच्या फोनचं उत्तर. थर एकामागे एक असताना बाष्प किती जाईल हे असं काढतात: प्रत्येक थराच्या आकड्याचा व्यस्त (१ भागिले तो आकडा) घ्या, सगळ्यांची बेरीज करा, बेरजेचा पुन्हा व्यस्त घ्या.

नेहमीच्या फिल्मचे ढोबळ आकडे धरू, चौरस मीटरला रोज इतके ग्रॅम, ३८ अंश आणि ९० टक्क्यांना (तुमच्या डेटाशीटचे आले की तेच वापरा): १२ मायक्रॉन पॉलिस्टर ४५, २० मायक्रॉन बीओपीपी ६, १२ मायक्रॉन मेटपेट (धातूचा पातळ लेप दिलेलं पॉलिस्टर) १, १८ मायक्रॉन मेटलाइज्ड बीओपीपी ०.३, ५० मायक्रॉन एलडी ८, ४० मायक्रॉन एलडी १०, ३० मायक्रॉन सीपीपी १०.

पॉलिस्टर १२, मेटपेट १२, एलडी ५०: उत्तर ०.८७. पुण्याचं ०.८८ अगदी काठावर गाठतं, रत्नागिरीत नापास.

हीच रचना, एलडी ५० ची ७५ केली: ०.८३. दर चौरस मीटरला २३ ग्रॅम प्लास्टिक वाढलं आणि बाष्प कमी झालं जेमतेम पाच टक्क्यांनी. मायक्रॉन वाढवण्याची किंमत ही.

पॉलिस्टर १२, मेटलाइज्ड बीओपीपी १८, एलडी ४०: ०.२९. दोन्हीकडे पास.

बीओपीपी २०, मेटलाइज्ड बीओपीपी १८, सीपीपी ३०: ०.२८. हीही पास.

मग मेटपेट घ्यायचंच कशाला? ऑक्सिजनसाठी. ऑक्सिजन अडवण्यात साधारणपणे मेटपेट मेटलाइज्ड बीओपीपीच्या बरंच पुढे असतं. पाकिटात नायट्रोजन भरताय, माल काजू-खोबऱ्याने भरलेला आहे आणि सहा महिने खवट होऊ द्यायचा नाही, तर ऑक्सिजनचा हिशेब आधी. नायट्रोजन न भरता साधं हवेसह पाकीट सील करत असाल, तर आत कोंडलेला ऑक्सिजनच चिवड्याला पुरून उरतो. त्यावर उंची भिंत बांधणं म्हणजे चोर घरात कोंडून बाहेरून कुलूप लावणं.

आपल्या चिवड्यासाठी मी पॉलिस्टर, मेटलाइज्ड बीओपीपी, एलडी घेईन, कारण भरणं हाताने आहे. ऑटोमॅटिक मशिन आणि हाताळायला सवयीचा ऑपरेटर असेल तर सगळे थर पॉलिप्रॉपिलीनचे असलेली चौथी रचना. तिचं वजनही कमी येतं. शाई आणि चिकट (थर जोडणारा गोंद) धरून पॉलिस्टर-मेटपेट-एलडी ५० चं लॅमिनेट ८५ जीएसएमच्या आसपास जातं, ही ६७ च्या. आपल्या मापाच्या पाकिटामागे साधारण ७.७ ग्रॅमऐवजी ६.

९ मायक्रॉनचा अॅल्युमिनियम फॉइल भिंत म्हणून सगळ्यात भारी, पण चुरगळला की घडीवर बारीक छिद्रं पडतात. चिवड्याच्या पाकिटाला तो मला उधळपट्टीच वाटतो.

*सावधान:* "माल दिसला पाहिजे" म्हणून मधोमध पारदर्शक खिडकी ठेवण्याचा आग्रह हमखास होतो. तिथे मेटल नाही, म्हणजे उजेडही आत आणि बाष्पही. खिडकी हवीच असेल तर तिच्या क्षेत्रफळाचा हिशेब वेगळा करा आणि मुदत कमी छापा.

टप्पा ५: बाहेरचा थर

हा टप्पा पटकन उरकता येतो. छपाई बाहेरच्या फिल्मच्या आतल्या बाजूला उलटी करायची, म्हणजे शाई दोन थरांत गाडली जाते, घासून जात नाही आणि मालालाही लागत नाही. पॉलिस्टर उष्णता सहन करतं, बीओपीपी स्वस्त आणि हलकी पडते.

सिलिंडर मात्र आत्ता बनवू नका. आठव्या टप्प्यापर्यंत बिनछपाईच्या लॅमिनेटवर स्टिकर लावून काम चालवा. मी एकदा घाईने पाच रंगांचे सिलिंडर आधी करून घेतले. पाकिटाची लांबी नंतर दोन सेंटिमीटरने बदलावी लागली आणि पाचही भंगारात गेले.

टप्पा ६: चिकट

सर्वाधिक लॅमिनेट इथे बिघडतात, म्हणून इथे घाई नको.

अन्नाच्या पाकिटांत बहुतेक दोन भागांचं पॉलियुरेथेन चिकट असतं, रेझिन आणि हार्डनर. ते सॉल्व्हंटवर चालतं किंवा बिनसॉल्व्हंटचं असतं. बिनसॉल्व्हंटच्या चिकटाचा थर साध्या फिल्मवर दीड ते दोन जीएसएम, सॉल्व्हंटवाल्याचा सुकल्यावर अडीच ते साडेतीन.

क्रम असा ठेवा:

१. प्रत्येक फिल्मवर डाईन पेन ओढा. रेघ दोन सेकंद अखंड राहिली तर ठीक, थेंब-थेंब झाली तर फिल्म परत. बीओपीपी आणि एलडीला निदान ३८ हवं. गोदामात पडून पडून हे घसरतं, म्हणून पावती आली त्या दिवशीचं माप उपयोगाचं नाही. लॅमिनेशनच्या दिवशीचं हवं.

२. मेटलाइज्ड फिल्मची मेटलची बाजू कोणती ते ठरवा. दोन्ही बाजू सारख्याच चमकतात. मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांनी स्पर्श करा, वीज वाहिली ती मेटलची बाजू. ती छापलेल्या थराकडे ठेवा.

३. रेझिन आणि हार्डनर वजनाने मोजा, मापाने नाही. दोन्हींची घनता वेगळी असते. हार्डनर कमी पडला तर चिकट कायमचं चिकचिकीत राहतं. जास्त झाला तर थर कडक होतो आणि उरलेला हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी भिडून बुडबुडे काढतो. पावसाळ्यात हार्डनरचा डबा उघडा ठेवणं म्हणजे तो पाण्यात बुडवण्यासारखंच.

४. सॉल्व्हंटवालं चिकट असेल तर इथाइल अॅसिटेट युरेथेन दर्जाचंच हवं. साध्यात पाणी आणि अल्कोहोल असतं, आणि दोन्ही हार्डनर खातात. छपाईत आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) वापरलं असेल आणि शाई पूर्ण सुकली नसेल, तरी हेच होतं. "बिनछपाईचा भाग घट्ट, छापलेला भाग सुटतो" अशी तक्रार आली की मी आधी शाई सुकली होती का ते विचारतो.

५. तीन थर दोन फेऱ्यांत होतात. आधी छापलेली फिल्म आणि मेटलाइज्ड, मग ती जोडी आणि पॉली. पहिल्या फेरीची पकड बसल्याशिवाय दुसरी घेऊ नका.

६. रोल ४०-४५ अंशांच्या खोलीत चिकटाच्या डेटाशीटवर लिहिलं असेल तितके तास ठेवा, निदान २४ ते ४८. या वेळात चिकट पिकतं, म्हणजे रेझिन-हार्डनरची क्रिया पुरी होते. हा वेळ फक्त पकडीसाठी नाही. अर्धवट पिकलेल्या अॅरोमॅटिक चिकटातून अन्नात जाऊ नयेत अशी अमाइन द्रव्यं निघू शकतात. "पार्टी थांबत नाही" म्हणून गरम रोलच स्लिटिंगला (रुंदीत कापायला) नेणं बंद करा.

*तपासा:* लॅमिनेटवर ब्लेडने फुलीची चीर द्या. चारही टोकं सपाट राहिली तर ताण बरोबर होता. ती ज्या फिल्मकडे वळतात ती फिल्म जास्त ओढली गेली होती. अशा रोलमध्ये पुढे बोगदे पडतात, म्हणजे थर सुटून आडव्या नळ्या उभ्या राहतात.

*तपासा:* १० × १० चा तुकडा लॅमिनेटचा, आणि त्याच मापाचे तुकडे प्रत्येक कोऱ्या फिल्मचे. वजनांतला फरक म्हणजे चिकट. रोलच्या डाव्या, मधल्या, उजव्या बाजूला करा. चिकट तिन्हीकडे सारखं पडलेलं दिसलं तर नशीबच म्हणायचं.

हाताने नमुना करायचा असेल तर काचेवर फिल्म ताणून चिकटपट्टीने बसवा, तारेच्या रॉडने चिकट ओढा, सॉल्व्हंट उडू द्या, दुसरी फिल्म रबरी रुळाने दाबा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा ठिणगी नको. इथाइल अॅसिटेट पेट घेतं आणि हार्डनरची वाफ छातीला त्रास देते. असा नमुना रचना ठरवायला पुरतो, मशिनवर काय होईल ते तो सांगत नाही.

टप्पा ७: लॅमिनेटच्या परीक्षा

*पकड.* १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा, एका टोकाला थर सोडवा आणि ओढा. ओढताना कुठे सुटलं ते बघा, आकड्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. मेटल एका फिल्मवरून पूर्ण उचलून दुसऱ्या फिल्मवर आलं असेल तर दोष मेटलायझिंगचा, चिकट बदलून उपयोग नाही. दोन्ही बाजू बोटाला चिकचिकत असतील तर मिश्रण चुकलं किंवा चिकट पिकलं नाही.

*सील.* दाब आणि वेळ कायम ठेवून तापमान ११० पासून ५-५ अंशांनी वाढवा आणि प्रत्येक सील ओढून बघा. जिथून सील सुटायच्या आधी फिल्म फाटू लागते ते खालचं टोक, जिथे सुरकुत्या सुरू होतात ते वरचं. मधला पट्टा २० अंशांहून अरुंद असेल, तर पायाच्या सीलरसाठी हे लॅमिनेट घेऊ नका. हीच चाचणी सीलच्या जागी चिमूटभर चिवड्याचा भुगा भुरभुरून पुन्हा करा. सगळे साफ सीलची चाचणी करतात, गळतात भुग्याचे सील.

*गळती.* स्पिरिटमध्ये खाण्याचा रंग कालवून त्याचे थेंब पाकिटाच्या आतून सीलच्या कडेला सोडा, पाच मिनिटं थांबा, बाहेरून टीपकागद दाबा. केसाएवढ्या फटीतूनही रंग येतो. जिथे तीन सील एकत्र मिळतात तो कोपरा सगळ्यात आधी बघा.

*घसरण.* पॉलीतलं स्लिप द्रव्य (फिल्म सरकावी म्हणून घातलेलं) चिकट पिकताना आत ओढलं जाऊ शकतं. मग कालपर्यंत सरकणारी फिल्म मशिनच्या फॉर्मरवर (फिल्मला पाकिटाचा आकार देणाऱ्या भागावर) अडायला लागते. म्हणून घसरण लॅमिनेशननंतर आणि पिकल्यानंतर मोजा, कोऱ्या पॉलीवर नाही.

*वास.* रोलचा तुकडा काचेच्या बरणीत बंद करून तासभर उन्हात ठेवा, मग झाकण उघडून हुंगा. पेंटच्या दुकानासारखा वास आला तर रोल प्रयोगशाळेत पाठवायचा, पाकिटं करायची नाहीत.

टप्पा ८: भरलेल्या पाकिटाची परीक्षा

तीन गट करा, प्रत्येकी निदान दहा पाकिटं. एका गटात चिवडा. दुसऱ्यात चिवड्याऐवजी पूर्ण वाळवलेलं सिलिका जेल. तिसऱ्यातही चिवडा, पण तो आधी प्रवासाला पाठवायचा.

पहिले दोन गट ३८ अंश आणि ९० टक्क्यांच्या कपाटात ठेवा. अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगसारख्या ठिकाणी ही सोय मिळते. ०.२९ च्या लॅमिनेटचं जेलचं पाकीट रोज साधारण ०.०२६ ग्रॅमने, म्हणजे महिन्यात पाऊण ग्रॅमच्या थोडं वर, जड व्हायला हवं. चिवड्याचं सुमारे अर्ध्या ग्रॅमने. चिवडा स्वतःही थोडा दाब धरतो, म्हणून कमी.

तिसरा गट खोक्यात भरून कोल्हापूरहून आंबा घाटातून रत्नागिरीला टेम्पोने जाऊन येऊ द्या, मग त्याच कपाटात. नायट्रोजनची फुगीर पाकिटं असतील तर महाबळेश्वरलाही पाठवा. समुद्रसपाटीला सील केलेलं पाकीट साडेतेराशे मीटरवर सुमारे १५ टक्के कमी हवेच्या दाबात येतं आणि ढोलासारखं फुगतं. गच्च फुगवलेल्या पाकिटाचा कमजोर कोपरा तिथेच सुटतो.

टप्पा ९: कागदपत्रं

अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) विनियम, २०१८ नुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम. चाचणी आयएस (भारतीय मानक) ९८४५ प्रमाणे. शाईसाठी आयएस १५४९५. तयार, छापलेल्या, पिकलेल्या लॅमिनेटचाच नमुना द्या; तो दहाव्या टप्प्यात सिलिंडर झाल्यावर हाती येईल. कोऱ्या पॉलीचा अहवाल जोडून काम भागवणारे आहेत, तो अहवाल तुमच्या पाकिटाबद्दल काहीच सांगत नाही.

प्लास्टिक कचऱ्याच्या २०२२ च्या उत्पादक-जबाबदारी नियमांत फक्त प्लास्टिकचे थर असलेली लवचीक पाकिटं दुसऱ्या वर्गात येतात. त्यात प्लास्टिकखेरीज दुसऱ्या पदार्थाचा एकही थर असला, उदाहरणार्थ फॉइल किंवा कागद, की तिसऱ्या वर्गात. रचना ठरवतानाच हे बघा, नोंदणीच्या वेळी नाही.

रचना खरोखर नवी वाटत असेल तर पेटंटचा विचार करा, पण आधी बी३२बी या, थरांच्या वस्तूंच्या पेटंट वर्गात शोध घ्या. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(एफ) प्रमाणे माहितीतल्याच गोष्टी नुसत्या वेगळ्या क्रमाने मांडणं, ज्यात प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करते, हा शोध ठरत नाही. पॉलिस्टरच्या जागी बीओपीपी टाकली, एवढ्यावर पेटंट मागू नका. थर एकत्र येऊन काहीतरी वेगळं घडत असेल आणि ते आकड्यांत दाखवता येत असेल, तर तात्पुरतं विवरणपत्र भरा. पूर्ण विवरणपत्राला तिथून १२ महिने मिळतात. अर्ज भरायच्या आधी कन्व्हर्टरला नमुना द्यायचा तर गोपनीयतेचा करार करून द्या, आणि प्रदर्शनात मांडू नका.

टप्पा १०: पहिला लॉट

सिलिंडर आता बनवा. छापलेल्या पहिल्या रोलवर सातव्या टप्प्यातली पकड आणि वास पुन्हा तपासा, कारण शाई आता पहिल्यांदाच मध्ये आली आहे.

प्रत्येक रोलमधली वीस पाकिटं क्रमांक घालून आणि वजन लिहून बाजूला काढा. दहा तुमच्या गोदामात. दहा अशा किराणा दुकानात द्या, जिथे पाकिटं दारात दोरीला लटकवतात आणि दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर येतं. दर पंधरा दिवसांनी वजन करा. सगळीच पाकिटं हिशेबापेक्षा सारखी जड होत असतील तर फिल्म कमी पडतेय, डेटाशीट पुन्हा काढा. दहातली दोन-तीनच वेगाने जड होत असतील आणि बाकीची हिशेबात असतील, तर लॅमिनेटला हात लावू नका. ती दोन-तीन पाकिटं रिकामी करून रंगीत स्पिरिटची चाचणी करा आणि त्या दिवशी सीलरवर कोण बसलं होतं ते विचारा.